नदीचा रिपोर्ट कसा वाचायचा? पाण्याला ग्रेड देण्याचा इतिहास आणि आपली कुंडलिका



रक्ताचा रिपोर्ट हातात आला की तुम्ही काय करता? आधी हिमोग्लोबिन बघता, मग साखर, मग क्रिएटिनिन. आकड्याच्या शेजारी छापलेली मर्यादा बघता आणि एखादा आकडा ठळक दिसला की दवाखान्याची वाट धरता. रिपोर्ट कसा वाचायचा हे आता बहुतेक घरांत कुणालातरी माहीत असते. नदीचाही असाच रिपोर्ट निघतो, त्यातही आकडे असतात, मर्यादा असतात आणि शेवटी एक ग्रेड असते. पण तो वाचायला आपल्याला कुणी शिकवलेले नाही.

जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात जायचे तर कुंडलिकेवरचा पूल ओलांडावाच लागतो. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणे ही सुद्धा एक ग्रेडच झाली म्हणा. परंतु नाकाला कळते ते सगळे खरे असते असे नाही, आणि नाकाला काहीच कळले नाही म्हणजे पाणी बरे असेही नाही. म्हणून आज थोडा इतिहास बघू. नदीची तब्येत मोजायची कल्पना कुठून आली, एकेक तपासणी कोणत्या संकटातून जन्माला आली, आणि आपल्या नदीचा आकडा कधी समोर आला तर तो कसा वाचायचा, हे समजून घेऊ.

यंत्रे नव्हती तेव्हा

पाण्याचा दर्जा ठरवण्याची सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही. आपल्या गावांत पिण्याचा आड वेगळा, गुरांचे पाणी वेगळे, धुण्याची जागा नदीच्या खालच्या अंगाला, हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या होता. कोणते पाणी कशासाठी, हे जागेवरून ठरायचे.

जालन्याचाच दाखला घ्या. शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी आणण्याची व्यवस्था जमशेदखानाच्या नावावर सांगितली जाते. काळी मशीदही त्याचीच, आणि तिच्या आवारात यातला एक मोठा हौद होता. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे, आणि ही व्यवस्था तोवर बिघडून बहुतेक हौद कोरडे पडल्याचेही त्यात म्हटले आहे. शेजारच्या औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर खोदून शहराला पाणी दिले. पुढे निजामाच्या काळात जालन्यासाठी घाणेवाडीचा तलाव झाला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गावाला प्यायला लागणारे पाणी गावाच्या वर किंवा गावाबाहेर साठवायचे आणि झाकून आणायचे. गावातून वाहणाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवायचा नाही.

या जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना एक विसरू नये. वरच्या अंगाचे पाणी कुणाला आणि खालच्या अंगाचे कुणाला, हे पुष्कळदा जात ठरवत असे. पाण्याला नव्हे, माणसांना ग्रेड होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिऊन जो प्रश्न विचारला तो हाच होता. पाणी कशाने बाटते हे ठरवण्याचा अधिकार रूढीकडून काढून तपासणीकडे देणे, ही सुधारणा डॉक्टर म्हणून मला फार मोलाची वाटते. पाण्यातला जंतू कुणाची जात विचारत नाही.

पहिला प्रश्न: पाण्यात विष्ठा मिसळली आहे का?

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून मृत्यू कुठे कुठे झाले ते मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले. त्या वेळी रोग दुर्गंधीतून, ‘वाईट हवेतून’ होतो असे बहुतेक डॉक्टर मानत. चार वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्स नदीला इतका वास सुटला की काठावरच्या संसदेत बसणे कठीण झाले. मग गटारांसाठी पैसा मंजूर झाला. वास हटवण्यासाठी केलेल्या या कामाने पाणीही सुधारले, आणि पटकीही पुढे ओसरली. कारण चुकीचे, पण उपाय बरोबर.

जंतू प्रत्यक्ष दाखवण्याचे काम रॉबर्ट कॉक यांनी केले, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्या देशात घडला. १८८४ च्या सुरुवातीला कलकत्त्यात त्यांना पटकीचे स्वल्पविरामासारखे दिसणारे जंतू रुग्णांत सापडले आणि जवळच्या तळ्याच्या पाण्यातही सापडले. त्याच तळ्यात लोक कपडे धूत, आंघोळ करत आणि तेच पाणी पीत.

पण रोज प्रत्येक पाण्यात पटकीचा, विषमज्वराचा, काविळीचा असा वेगवेगळा जंतू शोधणे कुणालाच परवडणारे नाही. येथे एक साधी युक्ती कामी आली. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञांनी बाळांच्या शीत एक जंतू वर्णन केला. आज त्याला आपण ई. कोलाय म्हणतो. तो माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात कोट्यवधींनी असतो. म्हणजे तो पाण्यात सापडला तर विष्ठा मिसळली हे नक्की, आणि विष्ठेसोबत इतर रोगजंतूही आले असू शकतात. चोर सापडत नसेल तर साक्षीदाराला बोलवावे, तसे हे. ‘कोलिफॉर्म’ चाचणी म्हणजे हाच साक्षीदार. रिपोर्टमध्ये त्याचा आकडा ‘एमपीएन प्रति १०० मिलि’ असा लिहितात. एमपीएन म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यातल्या जंतूंचा सर्वाधिक संभाव्य अंदाज.

दुसरा प्रश्न: नदीला श्वास घेता येतो का?

पाण्यातही प्राणवायू विरघळलेला असतो, त्यावर मासे जगतात. तो मोजण्याची पद्धत लायोश विंकलर या बुडापेस्टच्या रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये दिली. रिपोर्टमध्ये त्याला ‘डीओ’ म्हणतात. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. २० अंशाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशाला सुमारे ७. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडचे स्वच्छ पाणीसुद्धा मुळातच कमी श्वास बाळगून असते.

पाण्यात घाण गेली की जंतू ती खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. जितकी घाण जास्त तितका प्राणवायू खर्च. या खर्चाचे माप म्हणजे ‘बीओडी’. बाटलीत पाणी घ्यायचे, प्राणवायू मोजायचा, बाटली बंद करून अंधारात ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा मोजायचा. जो कमी झाला तो बीओडी.

किती दिवसांनी मोजायचे? येथे इतिहास गंमतीचा आहे. इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी १८९८ मध्ये एक रॉयल कमिशन नेमले गेले. त्याने वर्षानुवर्षे नद्या तपासल्या आणि १९१२ च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची चाचणी मानक म्हणून सुचवली. तपमान ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सियस. पाचच दिवस का, तर तिथल्या नदीचे पाणी समुद्राला मिळायला यापेक्षा जास्त वेळ लागत नाही, असे कारण सांगितले जाते. आपल्याकडे हवा उष्ण आणि जंतू घाईत, म्हणून भारतीय पद्धतीत २७ अंशाला तीन दिवस ठेवतात.

याच कमिशनने नद्यांना ग्रेड दिली. बीओडी १ असेल तर अतिशय स्वच्छ, २ स्वच्छ, ३ बऱ्यापैकी स्वच्छ, ५ संशयास्पद, १० वाईट. आज तुम्ही नदीच्या कोणत्याही रिपोर्टमध्ये ‘बीओडी ३ च्या आत’ असे वाचता, त्या आकड्याचे पूर्वज येथे आहेत.

हा हिशोब नीट लक्षात ठेवा

कमिशनने आणखी एक मर्यादा सांगितली: शुद्ध करून नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा बीओडी २० पर्यंत आणि तरंगता गाळ ३० पर्यंत चालेल. पण त्यासोबत एक अट होती. नदीत त्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी हवे.

आता बादल्यांत मोजू. एक बादली सांडपाणी, बीओडी २०. आठ बादल्या नदीचे पाणी, बीओडी २. एकूण २० अधिक १६, म्हणजे ३६. बादल्या नऊ. भागाकार ४. एवढे नदी सहन करते, असा त्यांचा हिशोब होता.

जगभरच्या पुढच्या नियमांवर या २०-३० च्या जोडीची छाप राहिली. आपल्याकडे २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी महानगरांत बीओडी २० आणि इतर शहरांत ३० ही मर्यादा आहे. हरित लवादाने २०१९ मध्ये ती आणखी कडक करण्यास सांगितले. आकडा आपल्यापर्यंत आला. आठ बादल्यांची अट मात्र वाटेत कुठेतरी राहून गेली.

मार्चमधली कुंडलिका डोळ्यांसमोर आणा. वरून येणारे स्वच्छ पाणी जवळपास नाही. पात्रात जे वाहते ते शहरातल्या नाल्यांचे. म्हणजे आठ बादल्यांच्या जागी शून्य बादल्या. अशा वेळी सगळ्या नियमांत बसणारे, उत्तम शुद्ध केलेले ३० बीओडीचे सांडपाणी सोडले, तरी नदीत ते ३० च राहते. कमिशनच्या ग्रेडमध्ये ‘वाईट’ ज्याला म्हटले त्याच्या तिप्पट. मग अजिबात शुद्ध न केलेल्या पाण्याचे काय होत असेल ते सांगायला नको.

नदीची ही मोजमापे बारमाही वाहणाऱ्या नद्यांवर घडली. आपली नदी चार महिन्यांची. हा फरक ज्याने लक्षात घेतला नाही त्याला कुंडलिकेचा रिपोर्ट वाचता येणार नाही.

तिसरा प्रश्न: नदीत राहते कोण?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन यांनी वेगळी वाट काढली. बाटलीतले पाणी त्या एका क्षणाचे सांगते. रात्री कुणी टँकर रिकामा करून गेला आणि सकाळी नमुना घेतला, तर बाटली गप्प बसते. पण नदीच्या तळाशी राहणारे किडे तिथेच महिनोन्‌महिने असतात. कोणते जीव आहेत आणि कोणते नाहीत, यावरून त्यांनी नदीचे पट्टे पाडले. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही पुढे अशी जैविक मोजणी स्वीकारली.

डॉक्टरी भाषेत सांगायचे तर बाटलीतला नमुना म्हणजे आज सकाळची उपाशीपोटीची साखर, आणि तळाचे किडे म्हणजे तीन महिन्यांची एचबीएवनसी. पथ्य फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी पाळले असेल तर दुसरी चाचणी पकडते. दगडाखाली निरनिराळ्या जातींचे नाजूक किडे सापडले तर पाणी बरे. नुसते गाळातले लाल, दोऱ्यासारखे किडे सापडले तर पाण्यात प्राणवायू उरलेला नाही, असे समजावे. ते लाल दिसतात कारण त्यांच्यात आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते. थोडासा प्राणवायूही ते धरून ठेवतात.

आपल्या देशातली ग्रेड

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या आधी. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. त्यानंतर देशात नद्यांसाठी जी पद्धत आली तिचे सूत्र आपल्या जुन्या आडा-घाटांच्या सूत्राच्या जवळचे आहे: हे पाणी कशासाठी वापरायचे? त्यावरून पाच वर्ग पडले.

अ वर्ग: फक्त जंतुनाशक टाकून पिता येईल. डीओ ६ किंवा अधिक, बीओडी २ पर्यंत, कोलिफॉर्म ५० पर्यंत.

ब वर्ग: आंघोळीला चालेल. डीओ ५, बीओडी ३, कोलिफॉर्म ५०० पर्यंत.

क वर्ग: गाळून, निवळून, क्लोरीन देऊन पिता येईल. डीओ ४, बीओडी ३, कोलिफॉर्म ५,००० पर्यंत.

ड वर्ग: मासे आणि वन्यजीवांसाठी. डीओ ४ किंवा अधिक, शिवाय अमोनियाची मर्यादा.

ई वर्ग: शेती आणि कारखान्यातल्या थंडाव्यासाठी. येथे क्षार आणि बोरॉन मोजतात.

आता ही यादी डॉक्टरच्या नजरेने पुन्हा वाचा. ई वर्गात कोलिफॉर्मची मर्यादाच नाही! म्हणजे ‘शेतीला योग्य’ असा शिक्का बसलेल्या पाण्यात विष्ठेचे जंतू किती आहेत हे कुणी विचारलेलेच नसते. कापसाला ते चालेल. पण त्याच पाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा वाढवला तर? पाण्याची ग्रेड पिकासाठी होती, तुमच्या कोशिंबिरीसाठी नव्हती.

यानंतर आली गुणांची पद्धत. १९६५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉर्टन यांनी आणि १९७० मध्ये तिथल्या नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशनच्या मदतीने ब्राउन व सहकाऱ्यांनी सगळ्या चाचण्या मिळून शंभरपैकी एकच गुण देण्याची कल्पना मांडली. कोणत्या चाचणीला किती वजन द्यायचे हे १४२ तज्ज्ञांना विचारून ठरवले. आपल्याकडे ती बदलून वापरतात. चार चाचण्या आणि त्यांचे वजन असे: डीओ ०.३१, विष्ठेतले कोलिफॉर्म ०.२८, पाण्याची आम्लता (पीएच) ०.२२ आणि बीओडी ०.१९. बेरीज ६३ च्या वर गेली की ‘चांगले ते उत्कृष्ट’, ५० ते ६३ मध्यम, ३८ ते ५० वाईट, त्याखाली अति वाईट.

पुन्हा एक हिशोब करू. समजा, पावसाळ्यात नदी खळाळून वाहते आहे. डीओ, पीएच आणि बीओडी तिन्ही उत्तम, पूर्ण गुण. पण पहिल्या पावसाने काठावरची सगळी घाण धुऊन नदीत आणली आहे, म्हणून कोलिफॉर्मच्या रकान्यात जवळपास शून्य गुण. बेरीज किती? ३१ अधिक २२ अधिक १९, म्हणजे ७२. ग्रेड ‘चांगले ते उत्कृष्ट’! आणि नेमके जून-जुलैतच आमच्या दवाखान्यांत जुलाब, विषमज्वर आणि काविळीचे रुग्ण वाढतात. सरासरी ही अशी फसवी असते. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड सगळे छान आणि क्रिएटिनिन सहा असेल, तर ‘सरासरी बरी आहे’ असे म्हणून आम्ही तुम्हाला घरी पाठवू का?

म्हणजे कुंडलिकेसारख्या नदीचा रिपोर्ट दोन ऋतूंत दोन वेगळ्या जागी चुकवू शकतो. उन्हाळ्यात पाणीच नसते म्हणून मर्यादेचा आकडा निरर्थक होतो. पावसाळ्यात पाणी भरपूर असते म्हणून जंतू सरासरीत लपतात.

यादीत नाव नाही, म्हणजे काय?

केंद्रीय मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढते. २०१८ च्या यादीत ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्राचे मात्र ५५ झाले. दोन्ही वेळा राज्यांत आपला क्रमांक पहिला. या यादीत पाच प्राधान्यक्रम आहेत. बीओडी ३० च्या वर असेल तर पहिला क्रम, ३ ते ६ असेल तर पाचवा. येथे पहिला येणे म्हणजे सर्वांत आजारी असणे, हे लक्षात ठेवा.

त्या यादीत ‘कुंडलिका’ हे नाव वाचून दचकू नका किंवा हायसेही वाटून घेऊ नका. ती रायगड जिल्ह्यातली, रोह्याजवळून समुद्राकडे जाणारी कुंडलिका. आपली कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, आणि पूर्णा गोदावरीला. नावे सारखी, नद्या दोन.

आणि यादीत एखाद्या नदीचे नाव नसणे हा निरोगीपणाचा दाखला होत नाही. यादी निघते ती ठरलेल्या ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांवरून. जिथे बाटली बुडवली नाही, त्या जागेची ग्रेड नसते. ज्याने कधी रक्तदाब मोजला नाही त्याला ‘बीपीचा त्रास नाही’ असे वाटते, तसेच हे. मोठ्या नद्यांना मोजणारे मिळतात. गावातून जाणाऱ्या लहान, हंगामी नद्यांचा रिपोर्ट निघाला तर तो गावाने मागितला म्हणूनच निघतो.

शिवाय नेहमीच्या ग्रेडमध्ये न येणाऱ्याही गोष्टी आहेत: जड धातू, कीटकनाशके, औषधांना न जुमानणारे जंतू. वर सांगितलेल्या चार चाचण्यांत यांतले एकही नाही.

मग तुम्ही काय करायचे?

‘डॉक्टर, नदीचे पाणी कोण पितो आता? आमच्याकडे नळ आहे, बोअर आहे, जार येतो.’ खरे आहे. पण आपली जमीन काळ्या बसाल्टची, भेगाभेगांची. नाल्याकाठच्या बोअरला आणि हातपंपाला ते पाणी पोहोचायला या भेगा पुरतात. आणि टंचाईत माणूस मिळेल त्या पाण्याकडे वळतो. २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर आले होते ते तुम्ही पाहिले आहे. वाईट वर्षी उपयोगी पडेल असे पाणी नदीकाठी शिल्लक आहे का, हा प्रश्न चांगल्या वर्षी विचारायचा असतो.

नदीच्या पाण्याचा कोणताही रिपोर्ट दिसला तर पाच गोष्टी विचारा. नमुना कुठे घेतला, शहराच्या वर की खाली? कोणत्या महिन्यात घेतला? तेव्हा पात्रात वरून येणारे पाणी होते का? ग्रेड कोणत्या वापरासाठी दिली आहे? आणि गुणांच्या बेरजेत न शिरता, कोलिफॉर्मचा स्वतंत्र आकडा किती?

घरासाठी एवढे पाळा:

नाल्याच्या किंवा नदीच्या जवळच्या बोअरचे पाणी पिण्यात असेल तर ते वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही असता कामा नये. येथे ‘थोडे चालते’ असे नसते.

त्याच तपासणीत नायट्रेटही बघा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटले की वाढते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी असे पाणी अजिबात वापरू नका.

जुलाब-काविळीची साथ असेल तेव्हा पाणी खळखळून उकळा. पाणी स्वच्छ दिसणे, थंड असणे किंवा जारमधून येणे ही शुद्धतेची खूण नव्हे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरतातच असे नाही. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन ओटी टेस्टने काही क्षणांत कळतो. ती करून दाखवायला आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगा.

पालेभाजी कच्ची खायची असेल तर वाहत्या, पिण्यायोग्य पाण्यात पान न्‌ पान धुवा. शंका असेल तर शिजवूनच खा.

जुलाब झाले तर पहिल्या तासापासून ओआरएस सुरू करा. लहान मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले तर वाट पाहू नका.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात. गावात लाल कार्ड आले की त्यावर चर्चा होते, कारण रंग सगळ्यांना कळतो. ज्या दिवशी एप्रिलचा एक आणि ऑगस्टचा एक असे कुंडलिकेचे दोन रिपोर्ट, शहराच्या वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळा दाखवून, पुलाजवळच्या फलकावर लागतील, त्या दिवशी त्यावरही चर्चा होईल. जालना आता महानगरपालिका आहे. ही मागणी फार मोठी नाही. दोन बाटल्या वर, दोन बाटल्या खाली, वर्षातून दोनदा. थेम्सच्या वासाने संसद हलली. आपण आकड्याने हलवू शकलो तर वासाची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर पाणी तपासा, उकळा, आणि घरातल्या लहानांची व वृद्धांची काळजी घ्या.